एकमताची हाक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझ्या घरात दोन भाषा सुखाने नांदतात. दाराबाहेर मराठी आणि चुलीपाशी दखनी वळणाची उर्दू. या चुलीपाशी बोलल्या जाणाऱ्या भाषेत एक शब्द आहे, इत्तेफाक. त्याचा एक अर्थ एकमत, सहमती, एकी. दुसरा अर्थ योगायोग. चार भाऊ एका विचाराने राहत असतील तर त्यांच्यात इत्तेफाक आहे असे म्हणतात, आणि एस. टी. स्टँडवर जुना मित्र अचानक भेटला, तर तोही इत्तेफाकच. कवी असल्यामुळे शब्दांकडे जरा निरखून पाहण्याची मला सवय आहे. एकाच शब्दाच्या पोटात एकमत आणि योगायोग असे दोन अर्थ कसे राहतात, याचे मला फार दिवस नवल वाटत होते. राजकीय पक्षांची भाषणे लक्ष देऊन ऐकू लागलो, तेव्हा या नवलाचे उत्तर हळूहळू मिळू लागले.

आजचा विषय तोच आहे. संसदेत, विधानसभेत, पत्रकार परिषदेत आपण एक वाक्य नेहमी ऐकतो. या प्रश्नावर राजकारण नको, सर्व पक्षांनी एकत्र यावे, पक्षभेद बाजूला ठेवावेत. आज सत्तेत असलेले हे म्हणतात, काल सत्तेत असलेलेही हेच म्हणत होते. वाक्य ऐकायला गोड असते. ऐकणाऱ्याला वाटते, चला, निदान एवढ्या बाबतीत तरी हे लोक शहाणे झाले. पण मग प्रश्न पडतो. ही हाक मनापासून असते का? की पाहुण्याला दारातूनच जेवूनच जा हो म्हणावे, आणि तो खरोखर चपला काढू लागला की आपला चेहरा उतरावा, तसा हा प्रकार असतो?

मन मोजायला तागडी नसते, आणि पक्षाला तर मनही नसते. पक्ष म्हणजे हजारो माणसे, त्यांचे हितसंबंध, त्यांची गणिते. म्हणून पक्षाचा हेतू शुद्ध आहे का, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही असे मला वाटते. त्याऐवजी हाक देणारा स्वतःच्या पदरचे काय सोडायला तयार आहे, हे पाहावे. ते दिसते, मोजता येते, आणि त्यावरून हाकेची पारख करता येते.

आधी हे पाहू, की ही हाक येते केव्हा. आपल्याकडे साधा कायदा करायचा तर सभागृहात हजर असलेल्यांचे बहुमत पुरते. घटनादुरुस्तीसाठी मात्र प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. काही दुरुस्त्यांना तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. लोकसभेत बहुमत असलेल्या सरकारकडे राज्यसभेत ते असेलच असे नाही. जिथे आकडा कमी पडतो, तिथे सहमतीची आठवण होते. आकडा पुरेसा असला की ती आठवण मागे पडते. आपल्याकडे म्हण आहेच, गरज सरो वैद्य मरो.

त्यात आणखी एक गाठ आहे. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि पक्षांतरबंदीचा कायदा आला. त्याचा हेतू चांगला होता. सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात, हा बाजार थांबावा म्हणून तो केला. पण त्यामुळे असे झाले, की पक्षाने व्हिप काढल्यावर त्याविरुद्ध मत देणाऱ्या खासदाराची खासदारकी जाऊ शकते. म्हणजे समोरच्या बाकावरच्या माणसाचे म्हणणे एखाद्याला मनापासून पटले, तरी तो त्याच्या बाजूने हात वर करू शकत नाही. सहमती करायची ती पक्षाच्या नेत्यांनी, बंद खोलीत. बाकीच्यांनी ती पाळायची. आपल्याकडचे एकमत हे असे वरून खाली येते, हे ध्यानात ठेवले की पुढच्या गोष्टी उलगडतात.

पहिली गोष्ट वस्तू आणि सेवा कराची, म्हणजे जी.एस.टी.ची. किराणा दुकानाच्या पावतीवर तो आता आपल्या सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. त्याची तयारी फार जुनी. २००० साली वाजपेयी सरकारच्या काळात राज्यांच्या अर्थमंत्र्यांची एक समिती झाली. तिचे अध्यक्षपद दिले गेले पश्चिम बंगालचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता यांना. दिल्लीत भाजपप्रणीत सरकार आणि समितीच्या खुर्चीत मार्क्सवादी पक्षाचा मंत्री! पुढे दिल्लीत काँग्रेसप्रणीत सरकार आले आणि काही वर्षांनी त्याच खुर्चीत बिहारचे भाजप नेते सुशीलकुमार मोदी बसले. इथपर्यंत चित्र फार सुंदर आहे.

आता पुढचे पाहा. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी या करासाठी घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले. भाजपची सरकारे असलेल्या गुजरात आणि मध्य प्रदेश या राज्यांनी त्याला विरोध केला. विधेयक रखडले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपले. मग सत्ता बदलली. ज्यांचा विरोध होता त्यांनीच नवे विधेयक आणले, आणि ज्यांनी पहिले विधेयक आणले होते त्यांनी राज्यसभेत ते अडवून धरले. खेळाडू तेच, फक्त मध्यंतरानंतर मैदानाच्या बाजू बदललेल्या. दोन्ही वेळी सत्तेवरचे म्हणत होते, देशहिताच्या प्रश्नावर सहमती हवी. दोन्ही वेळी विरोधातले म्हणत होते, आम्हाला तत्त्वाचे आक्षेप आहेत.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मीही म्हणालो असतो, सगळे ढोंग आहे. पण ती इथे संपत नाही. ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेत हे विधेयक २०३ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाले. शून्य! अण्णा द्रमुकच्या सदस्यांनी सभात्याग केला, पण विरोधात एकही मत पडले नाही. हे कसे घडले? दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडले म्हणून घडले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावर एक टक्का जादा कर लावण्याची मूळ तरतूद होती, तिला काँग्रेसचा आक्षेप होता. सरकारने ती काढून टाकली. कराची कमाल मर्यादा घटनेतच लिहा, ही काँग्रेसची मागणी होती. ती तिने शेवटी ताणून धरली नाही. राज्यांना महसूल बुडण्याची भीती होती. केंद्राने पाच वर्षे तूट भरून देण्याची हमी घेतली, आणि तीही दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरून. राज्यांनी आपले कर लावण्याचे बरेचसे अधिकार सोडले. मुंबईच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, ती नाकी १ जुलै २०१७ पासून बंद झाली.

जी.एस.टी. परिषदेची घडणही पाहण्यासारखी आहे. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे, सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे एकटे केंद्र काही करू शकत नाही, आणि केंद्राला वगळून राज्येही काही करू शकत नाहीत. या रचनेमुळे भांडत भांडत का होईना, एकत्र बसावेच लागते. परिषदेत पहिल्यांदा मतदानाची वेळ आली ती थेट डिसेंबर २०१९ मध्ये, लॉटरीवरच्या कराच्या प्रश्नावर. तोवर सगळे निर्णय मतदानाशिवाय झाले. माणसे एकाएकी सज्जन झाली होती असे नव्हे. दरवाजाच असा बांधला होता, की दोघांनी एकदम ढकलल्याशिवाय तो उघडत नव्हता.

आणि तरीही, ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात या कराचा प्रारंभ झाला, तेव्हा काँग्रेससह अनेक विरोधी पक्ष गैरहजर होते. २०११ चे विधेयक मांडणारे प्रणव मुखर्जी तिथे होते, पण राष्ट्रपती म्हणून. कायद्यावर सर्वांचे एकमत झाले, श्रेयावर झाले नाही. हे मला फार बोलके वाटते. पैशाची वाटणी जमते, अधिकाराचीही जमते. हाराची वाटणी सर्वांत अवघड.

दुसरी गोष्ट महिला आरक्षणाची. लोकसभेत आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा द्याव्यात, असे विधेयक प्रथम सप्टेंबर १९९६ मध्ये आले. तेव्हा देवेगौडा पंतप्रधान होते. त्यानंतर ते पुन्हा पुन्हा मांडले गेले. मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत त्याचे आश्वासन होते. २०१० मध्ये राज्यसभेने ते १८६ विरुद्ध १ मतांनी संमतही केले, पण लोकसभेत ते गेलेच नाही. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या संसद भवनात लोकसभेने ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेने २१४ विरुद्ध शून्य मतांनी ते मंजूर केले. बाके वाजली, अभिनंदने झाली. सत्तावीस वर्षे सर्वांनाच हवा असलेला कायदा व्हायला सत्तावीस वर्षे लागली!

याच्या शेजारी दुसरी एक घटनादुरुस्ती ठेवून पाहू. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा देणारी ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती संसदेने १९९२ मध्येच संमत केली. तीच संसद, तेच पक्ष. मग फरक कशाचा? ग्रामपंचायतीतल्या जागा खासदारांच्या नव्हत्या. सरपंचाची खुर्ची देऊन टाकताना दिल्लीत कोणाला उठावे लागत नव्हते. लोकसभेत मात्र ज्याने हात वर करायचा, त्याचीच खुर्ची जाण्याची शक्यता होती.

२०२३ चा कायदाही झाला, तो कसा? अंमलबजावणी त्यानंतरच्या जनगणनेला आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला जोडून. म्हणजे मत देणाऱ्या कोणालाही लगेच येणाऱ्या निवडणुकीत जागा सोडावी लागली नाही. आता यात प्रामाणिकपणा किती, हे तपासायला एक सोपी कसोटी आपल्या हाताशी आहे. महिलांना उमेदवारी द्यायला कायदा लागत नाही. कोणताही पक्ष उद्या सकाळी ठरवून एक तृतीयांश तिकिटे महिलांना देऊ शकतो. २०१९ च्या लोकसभेला ओडिशात बिजू जनता दलाने २१ पैकी ७, तर बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसने ४२ पैकी १७ जागांवर महिला उभ्या केल्या होत्या. पण एकमताने कायदा केल्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, २०२४ मध्ये जी निवडणूक झाली, तिच्यात देशभरातल्या उमेदवारांमध्ये महिला दहा टक्क्यांच्या आतच राहिल्या. आणि निवडून किती आल्या? २०१९ मध्ये ७८ होत्या, २०२४ मध्ये ७४. सभागृहातले एकमत वाढले आणि महिला कमी झाल्या.

आता तिसरी गोष्ट. ती अशा एकमताची, ज्याची हाक कोणी देत नाही. पत्रकार परिषद होत नाही, अभिनंदनाचा ठराव होत नाही. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने निर्णय दिला की काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी काँग्रेस, बहुजन समाज पक्ष आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, असे सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कायद्याखाली येतात. सामान्य माणसाने दहा रुपये भरून अर्ज केला तर त्यांनी माहिती द्यावी. एकाही पक्षाने हे मानले नाही. उजव्यांनी नाही, डाव्यांनी नाही. तेव्हाच्या सरकारने तर दोन-अडीच महिन्यांत पक्षांना कायद्यातून वगळण्याचे विधेयक आणले.

मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही परदेशी देणग्यांबाबतच्या कायद्याचा भंग केल्याचे दिसते. पुढे काय झाले? २०१६ च्या अर्थविधेयकातून परदेशी कंपनीची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून मागे नेऊन. तेवढ्याने भागेना, म्हणून २०१८ च्या अर्थविधेयकातून ती १९७६ पर्यंत मागे नेली. २०१८ चे ते विधेयक लोकसभेत गदारोळात, चर्चेविना संमत झाले. बाहेर एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन मोठ्या पक्षांचे या कलमावर भांडण झाल्याचे मला तरी ऐकू आले नाही. न्याय्यपणाने हेही सांगायला हवे, की निवडणूक रोखे आले तेव्हा मार्क्सवादी पक्षाने ते घेतले नाहीत आणि त्यांच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. पण एकूण चित्र असे, की जिथे दोघांच्याही ताटात वाढले जाते तिथे हाक द्यावी लागत नाही. इत्तेफाकचे दोन्ही अर्थ तिथे एक होतात. हितांचा योगायोग हेच तिथले एकमत.

श्रोतेहो, हे फक्त दिल्लीत घडते असे समजू नका. आपल्या गावातला शब्द आठवा, बिनविरोध. निवडणूक बिनविरोध झाली की आपल्याला वाटते, गाव शहाणे, भांडण टळले. काही आमदार अशा गावांना जादा निधीही जाहीर करतात. कुठे कुठे ते खरेच शहाणपणाचे असते. पण नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी इथे काय झाले? ग्रामपंचायतीच्या पदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघडकीला आले. बोली लागली आणि गाव बिनविरोध. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. पैसा देवळासाठी वापरणार होतो, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. असेलही. पण ज्याच्याकडे बोली लावायला पैसा नव्हता, त्याचे मत या एकमतात कुठे होते? मी स्वतः संख्येने थोड्या असलेल्या समाजात जन्मलो आहे. सर्वानुमते मंजूर हे शब्द कानावर आले, की माझी नजर आपोआप सभेच्या मागच्या रांगेकडे जाते. तिथे बसलेल्याला कोणी विचारले होते का?

मग सगळेच एकमत खोटे का? नाही. आपल्या महाराष्ट्रानेच याचे उत्तम उदाहरण देशाला दिले आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूरला एक प्रयोग केला. काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेचे मोल सर्वांना कळले. दुष्काळी कामांवर माती वाहणाऱ्या बायामाणसांचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांना ते आयुष्यभर विसरता आले नाहीत. विरोधी पक्षांनी मोर्चे काढले, रेटा लावला. सरकारनेही तो रेटा शत्रूचा मानला नाही. १९७७ चा रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. सत्तेवर काँग्रेस होती. २६ जानेवारी १९७९ रोजी तो अमलात आला, तेव्हा सत्तेवर पुलोद होते. सरकार बदलले म्हणून कायदा बासनात गेला नाही.

या एकमताचे पैसे कोणी दिले? शहरांनी. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, तो या योजनेसाठी. नोकरदार मंडळींनी आपली पगाराची पावती काढून पाहावी. व्यवसाय कर म्हणून महिन्याला जे दोनशे रुपये कापले जातात, त्यांची सुरुवात ही अशी आहे. बागायती जमिनीवरही अधिभार बसला. ज्यांची मते मोलाची, त्यांच्याच खिशाला हात घालून, ज्यांचा आवाज क्षीण त्यांच्या हाताला काम दिले. एकमत खरे होते ते यामुळे.

तीच कल्पना पुढे देशभर गेली. २००४ मध्ये मनमोहनसिंग सरकारने रोजगार हमीचे विधेयक आणले, ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. समितीचे अध्यक्ष होते भाजपचे कल्याणसिंह. त्यांच्या समितीने सरकारचे विधेयक मोडले नाही, उलट मोठे केले. फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना कशाला, प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला हमी द्या, अशी शिफारस केली, आणि २००५ च्या कायद्यात तसे झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला, तेव्हा तो आधी समितीकडे पाठवा ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. नवा कायदा चांगला की वाईट, हा आजचा विषय नाही. रीत बदलली, एवढेच सांगायचे आहे. पंधराव्या लोकसभेत, म्हणजे २००९ ते २०१४ या काळात, सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४ मध्ये, सुमारे १६ टक्के. एकमत ज्या खोलीत शिजते, त्या खोलीचे दारच कमी वेळा उघडू लागले आहे.

आणखी एक उदाहरण सांगतो. १९९४ मध्ये जिनिव्हात मानवी हक्क आयोगापुढे पाकिस्तानने काश्मीरचा प्रश्न आणला. पंतप्रधान होते काँग्रेसचे नरसिंह राव. त्यांनी भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व लोकसभेतले विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्याकडे दिले. यश आले तर श्रेय विरोधकाला मिळणार, हे राव जाणून होते. अपयश आले तर खापर आपल्याही डोक्यावर फुटणार, हे वाजपेयींना ठाऊक होते. एकाने श्रेय सोडले, दुसऱ्याने सुरक्षित अंतर सोडले. पाकिस्तानने ठराव मागे घेतला. या दोघांच्या मनात काय होते, हे शोधायची मला गरज वाटत नाही. त्यांनी काय सोडले ते दिसते आहे.

हीच कसोटी मला माझ्या गल्लीत शिकायला मिळाली. मी आमच्या गावच्या शांतता समितीच्या बैठकांना वीस-बावीस वर्षे जातो आहे. गणपती आणि मोहरम-ईद जवळ आले की पोलीस ठाण्यातून बोलावणे येते. सगळ्या पक्षांचे पुढारी एका रांगेत बसतात. चहा येतो, भाषणे होतात. नावे झाकली तर कोणाचे भाषण कोणते, हे सांगता येणार नाही. फोटो निघतो. या फोटोवरून पुढच्या आठ दिवसांचा अंदाज कधीच करता येत नाही. अंदाज येतो तो शेवटच्या दहा मिनिटांत. एखाद्या मंडळाचा पोरगा उठून म्हणतो, आम्ही मशिदीच्या बोळात ढोल थांबवून पुढे जाऊ. एखादा जमातीचा माणूस म्हणतो, आम्ही जुलूस एक दिवस पुढे नेऊ. तेवढे ऐकले की मी निर्धास्त घरी येतो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. तेव्हा मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि राज्य सरकारने २९ तारखेला सुटी दिली. त्या एका दिवसात जे एकमत होते, ते शंभर भाषणांत मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी नेता म्हणाला, की या प्रश्नावर राजकारण नको, तर चिडू नका आणि हुरळूनही जाऊ नका. शांतपणे चार गोष्टी पाहा. ही हाक मसुदा लिहायच्या आधी आली, की लिहून झाल्यावर फक्त सहीसाठी? हाक देणाऱ्याने स्वतःचे काय सोडले? काम झाले तर हार एकाच्याच गळ्यात पडणार आहे का? आणि या एकमताची किंमत खोलीत बसलेले देणार आहेत, की खोलीबाहेरचे? विरोधी पक्षालाही हेच प्रश्न लावा. विचारविनिमय हवा म्हणून आज जो ओरडतो, तो सत्तेत असताना किती जणांना विचारत होता?

चारही उत्तरे समाधानकारक येतील असे प्रसंग थोडेच. म्हणून भांडणाला फार घाबरू नये, असे मला वाटते. सभागृहात दोन पक्ष कायद्याच्या एकेका ओळीवरून भांडतात, तेव्हा आपले काही बिघडत नाही. बहुधा आपलेच काम चाललेले असते. दोघे एकाएकी गप्प झाले आणि पाच मिनिटांत काहीतरी मंजूर झाले, तर मात्र दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र नीट वाचावे. त्यात कुठल्या तरी कोपऱ्यात आपल्याशी संबंधित बातमी असण्याचा संभव असतो.